ओळखेना गेलंय

संध्याकाळी पावणेसहाला आईचा फोन आला की मी तो उचलायच्या आधी माझा लॅपटॉप उघडायचे. नोव्हेंबरपासून त्या वेळच्या फोनचा विषय एकच होता.

"अगं, ते मला ओळखेना गेलंय."

'ते' म्हणजे माझाच जुना लॅपटॉप. नवा घेतल्यावर तो मी लातूरला आईला देऊन टाकला. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली प्राथमिक शिक्षिका. रोज सहा ते सात ती पाचवीच्या स्कॉलरशिपची शिकवणी घेते. आधी पोरं घरी यायची, वऱ्हांड्यात सतरंजी टाकून बसायची. गेल्या उन्हाळ्यात आईच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली, पावसाळ्यात ऑपरेशन झालं आणि गणपती उठल्यावर केमो सुरू झाली. संसर्गाची भीती, म्हणून डॉक्टरांनी घरात गर्दी नको सांगितलं. आईनं शिकवणी बंद करायला साफ नकार दिला. मग पोरं आपापल्या घरी आणि आई लॅपटॉपसमोर, अशी तडजोड झाली.

बोटाच्या ठशानं लॉगिन करायची कल्पना माझी. त्याचं असं झालं, की केमोच्या पहिल्या पंधरा दिवसांतच आई चार आकडी पिन विसरायला लागली. केमोनंतर असं धुकं येतं, हे आम्हाला सांगितलं होतं. पण जिनं मला दुसरीतच तीसपर्यंतचे पाढे पाठ करून घेतले, त्या बाईला चार आकडे आठवू नयेत? एकदा ती फोनवर नुसतीच गप्प राहिली. मग म्हणाली, "पोरं वाट बघायलीत आणि मला माझंच कुलूप उघडेना." पुढच्या फेरीला मी तिच्या उजव्या अंगठ्याचा आणि तर्जनीचा ठसा नोंदवला. पॉवर बटणातच सेन्सर आहे. बटणावर बोट ठेवलं की झालं.

"तुझं बोट हाच पासवर्ड. विसरायची भानगडच नाही," मी म्हणाले.

आई हसली. नव्वदच्या दशकात तिनं रात्रीचे साक्षरता वर्ग घेतलेत. शेतातून आलेल्या बायकांचा हात धरून त्यांना नाव गिरवायला शिकवलंय. "तेव्हा बायकांचा अंगठा सोडवून सही शिकवली," ती म्हणाली, "आणि तू मला म्हातारपणी अंगठ्यावर आणलंस."

दीड महिना सगळं सुरळीत चाललं. १३ नोव्हेंबरला पहिला फोन आला.

---

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कामच लॉगिनचं. पैशांचे व्यवहार करणाऱ्या एका ॲपमध्ये माणूस आत कसा येतो, कुठं अडकतो, तेवढाच भाग आमची टीम सांभाळते. त्यामुळे आईचा बिघाड मला अवघड वाटलाच नाही. उलट थोडा आनंदच झाला. आजाराच्या बाबतीत मला काही कळत नव्हतं. रिपोर्टवरचे आकडे बघून मी नुसती मान हलवायचे. इथं मात्र मला कळणारं काहीतरी बिघडलं होतं.

पहिल्यांदा मी तेच विचारलं, जे सगळे विचारतात. बटण पुसलं का? हात कोरडे आहेत का? तेल-क्रीम लावलंय का? आईनं ओढणीनं बटण पुसलं, हात धुतले, परत बोट ठेवलं. स्क्रीनवर तोच निरोप : बोट ओळखता आलं नाही. तीन-चारदा तसं झालं की मशीन पिन मागतं. पिन मी फोनवर सांगितला. तिनं तो मोठ्यानं म्हणत टाईप केला आणि शिकवणी दहा मिनिटं उशिरा सुरू झाली.

रात्री मी रिमोटनं तिच्या मशीनमध्ये शिरले. आदल्याच दिवशी, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, विंडोजचं मासिक अपडेट आलं होतं. चोर सापडला! अपडेटनंतर ड्रायव्हर बिघडणं ही आमच्या धंद्यातली जुनीच गोष्ट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बायोमेट्रिक डिव्हाइसेसखाली सेन्सर दिसत होता, पिवळं चिन्ह नव्हतं. तरी ड्रायव्हर काढून टाकला, मशीन रीस्टार्ट केलं, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून नवा ड्रायव्हर टाकला. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची मुभा विंडोजला असते, तिची टिचकी काढली. झोपेतून उठलेलं मशीन कधी कधी सेन्सरला उठवायला विसरतं, त्यावरचा हा उपाय. बायोमेट्रिक सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू केली.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला फोन. "ओळखेना गेलंय."

हे आठवडाभर चाललं. मग आपोआप थांबलं. मला वाटलं, नव्या ड्रायव्हरचा गुण आला असणार.

२५ नोव्हेंबरच्या सोमवारी चौथी सायकल होती. आईचं वेळापत्रक असं : दर एकवीस दिवसांनी हॉस्पिटलात ऑक्सॅलिप्लाटिनचं सलाईन, त्याच दिवसापासून चौदा दिवस घरी सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग सात दिवस सुट्टी. अशा आठ फेऱ्या. सलाईनच्या आदल्या दिवशी मी रात्रीच्या बसनं पोचायचे, मंगळवारी रात्री निघायचे. त्या खेपेला मी हातासरशी पक्का बंदोबस्तही करून टाकला. विंडोज ठशांची नोंद ज्या फोल्डरमध्ये ठेवतं, तो रिकामा केला आणि आईची चार बोटं नव्यानं नोंदवली. बोट ठेव, उचल, जरा तिरकं ठेव, कडेनं ठेव. पहिल्या फटक्यात सगळं झालं. आईनं दहा वेळा लॉक करून दहा वेळा उघडून दाखवलं. मी जिंकले होते.

४ डिसेंबरला फोन आला.

---

इथं जरा थांबून हे यंत्र काय करतं ते सांगायला हवं, कारण माझी चूक तिथंच होती.

लोकांना वाटतं, लॅपटॉप बोटाचा फोटो काढून ठेवतो. तसं नसतं. आपल्या बोटावरच्या रेषा म्हणजे बारीक उंचवटे आणि त्यांच्या मधल्या खाचा. सेन्सरच्या पृष्ठभागाखाली सूक्ष्म विद्युत-पट्ट्यांची जाळी असते. उंचवटा जवळ, खाच दूर, त्यामुळे दोन्हीकडची कपॅसिटन्स वेगळी भरते आणि त्या फरकातून नकाशा तयार होतो. त्या नकाशातून रेषा कुठं संपतात, कुठं फुटून दोन होतात, अशा खुणा टिपल्या जातात आणि त्यांचं टिपण मशीनमध्येच साठवलं जातं. पुढच्या वेळी नवं टिपण जुन्याशी ताडून बघतात. ते कधीच तंतोतंत जुळत नाही. पुरेसं जुळलं की हो, नाही तर नाही.

पण 'नाही' म्हणताना ते कारण सांगत नाही. ड्रायव्हर बिघडला, बोट ओलं होतं, बोट परक्याचं होतं किंवा बोटावर रेषाच उरल्या नव्हत्या, निरोप एकच. आणि असा निरोप आला की माझ्यासारखी माणसं मशीनकडे बघतात. या सगळ्या तंत्राचा पाया हा, की माणसाच्या बोटावरच्या रेषा बदलत नाहीत. आईच्या पोटात असताना चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत त्या ठरून जातात आणि जन्मभर तशाच राहतात. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला आणि पुढं कित्येक वर्षं स्वतःच्या बोटांचे ठसे घेऊन ते बदलत नाहीत याची खात्री करून घेतली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा विभाग सुरू झाला. तिथल्या वर्गीकरणाच्या पद्धतीमागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचं गणित होतं, नाव मात्र साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं झालं. तेव्हापासून बोट हे न बदलणारं ठरलं. बदलतात ते ड्रायव्हर. मीही तेच धरून चालले होते.

---

डिसेंबरमध्ये मी ईर्षेला पेटले. ऑफिसातली एक म्हण आहे, इंजिनिअर खुर्चीत येऊन बसला की बग पळून जातो. १६ डिसेंबरला पाचव्या सायकलसाठी गेले, तेव्हा अगदी तसंच झालं. आईनं बोट ठेवलं, मशीन उघडलं. "बघ, तुला भितंय ते," आई म्हणाली. तिच्या हातात लोकरीचे मोजे होते, बोट ठेवण्यापुरता एक काढला होता. ऑक्सॅलिप्लाटिन चालू असताना गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या येतात, फ्रिजमधली बाटलीसुद्धा धरवत नाही. त्यात लातूरची थंडी. मोजे मीच पुण्याहून आणून दिले होते.

२५ डिसेंबरला फोन आला. या वेळी आवाजात तक्रार नव्हती. "राहू दे गं," ती म्हणाली, "तू पिन सांग नुसता."

त्या शनिवारी रात्री मी शेवटी ते केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. अंदाज बांधणं बंद करून लॉग वाचला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये खोल कुठंतरी बायोमेट्रिक्सची वेगळी नोंदवही असते. प्रत्येक वेळी कुणी बोट ठेवलं, ओळखलं की नाही, तारीख-वेळेसकट सगळं त्यात असतं. सगळ्या नोंदी काढून शीटमध्ये टाकल्या. ओळखलं ते हिरवं, नाही ओळखलं ते लाल.

खाली सरकवत गेले तर लाल रंग विखुरलेला नव्हता. त्याचे तीन पट्टे होते. पहिला १३ नोव्हेंबरला सुरू झालेला, दुसरा ४ डिसेंबरला, तिसरा २५ डिसेंबरला. मध्ये स्वच्छ हिरवं. डिसेंबरचं अपडेट दहा तारखेला आलं होतं आणि दुसरा पट्टा त्याच्या आधीच सुरू झाला होता, म्हणजे अपडेटचा काही संबंध नव्हता. मी बोटांवर दिवस मोजले. एकवीस. पुन्हा एकवीस.

दर एकवीस दिवसांनी मशीनमध्ये काय होतं? मी खरंच शोधायला लागले. रोज चालणारी कामं असतात, आठवड्याची असतात, महिन्याची असतात. एकवीस दिवसांचं काहीच सापडेना. रात्रीचा एक वाजला होता. वेळ बघायला फोन उचलला, तर कॅलेंडरची पट्टी समोर आली : 'आई – सायकल ६, सोमवार, ६ जानेवारी'. दर एकवीस दिवसांनी वाजणारा हा गजर मीच लावलेला होता.

प्रत्येक लाल पट्टा सायकलच्या दहाव्या दिवशी सुरू होत होता. आणि मी लातूरला असायचे ते पहिल्या दिवशी, सात दिवसांच्या सुट्टीनंतर. दिवाळीत चार दिवस राहिले, तेही नेमके सुट्टीच्या आठवड्यात आले होते. दहाव्या, बाराव्या, पंधराव्या दिवशीचे आईचे हात मी एकदाही पाहिले नव्हते.

---

रविवारी सकाळची पहिली बस धरून मी न सांगता गेले. दार उघडायला आई आली ती दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून, मेंदी लावल्यासारखे. घरात मोजे नव्हते घातलेले.

तळहात लालभडक होते. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलवटलेली, दोन ठिकाणी चिरा. आणि टोकं गुळगुळीत, चकचकीत. मी तिचा अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. एकही रेघ दिसत नव्हती.

लॅपटॉप टेबलावरच होता. मी माझा ठसा नोंदवून बघितला. अर्ध्या मिनिटात काम झालं. ड्रायव्हर, सर्व्हिस, सेन्सर, सगळं ठणठणीत होतं, पहिल्या दिवसापासून. दुसऱ्या कुणाचं बोट लावून बघणं ही तर पोरखेळाची चाचणी. बल्ब लागत नसेल तर आपण दुसरा लावून बघतोच ना! दीड महिन्यात मला ते सुचलं नाही, कारण बल्बवर माझा संशयच नव्हता.

याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. कॅपेसिटाबिनचा हा नेहमीचा दुष्परिणाम आहे, आम्हाला दिलेल्या पत्रकात तो छापलेला होता. तळहात-तळपाय लाल होतात, आग होते, कातडी सोलते. काहींचे ठसे तात्पुरते पुसट होतात. २००९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात सिंगापूरच्या एका रुग्णाची हकीकत छापून आली होती. हेच औषध घेणाऱ्या त्या गृहस्थाला अमेरिकेच्या विमानतळावर अडवून ठेवलं, कारण यंत्राला त्याचे ठसेच मिळेनात. हे सगळं मला दहा मिनिटांत सापडलं. शोधायचं काय, एवढंच आधी कळलं नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. आवाज चढला होता.

आईनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "सलाईनच्या खोलीत एक बाई भेटली होती. तिच्या बहिणीचे हात असे झाले, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. आणि मग म्हणे ते परत आलं."

म्हणून ती भांडी गरम पाण्यानं, दातओठ खात घासत होती. डॉक्टरांनी विचारलं की "थोडं लाल होतं" म्हणायची. सलाईनच्या दिवशी तर थोडंच लाल असायचं, तेव्हा ते खोटंही नव्हतं. पाऊल टेकताना आग व्हायची, तेही तिनं लपवलं. आणि रोज पावणेसहाला मला फोन करून सांगत राहिली की मशीन ओळखेना गेलंय. त्यात तिला वेगळं काही सुचवायचं होतं का, हे मी नंतर एकदा विचारलं. "छे गं," ती म्हणाली, "मला खरंच मशीन बिघडलं वाटलं. तूच म्हणालीस ना, ड्रायव्हर."

सोमवारी डॉक्टरांना हात दाखवले. ते रागावले नाहीत, पण लिहिताना पेन जरा जोरात चाललं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की असं झालं की काही दिवस गोळ्या थांबवायच्या, हात निवळले की कमी डोसनं पुन्हा सुरू करायच्या. याला उपचार सोडणं म्हणत नाहीत, उपचार असाच करायचा असतो. लपवून पुढं ढकललं असतं तर मात्र नाइलाजानं बराच काळ थांबावं लागलं असतं. युरियाचं क्रीम, सुती मोजे, गरम पाणी वर्ज्य. सहावी सायकल आठवडाभर पुढं गेली. भांड्यांना बाई लावली. त्यावर आई औषधापेक्षा जास्त कुरकुरली.

---

ऑफिसात परत आल्यावर आमच्या डॅशबोर्डकडे बघताना मला कसंतरीच झालं. तिथंही लाल-हिरवं असतं. ठसा जुळला नाही अशांचा एक छोटा तुकडा रोज दिसतो. तो आम्ही गोंगाट म्हणून सोडून देतो, वाढला तरच बघतो. त्यात कितीजण बोट ओलं असलेले, आणि कितीजण विटा उचलून, कपडे धुऊन, ऊस तोडून बोटं झिजलेले, हे त्या तुकड्यात दिसत नाही. देशातलं पहिलं आधार २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा घासणारी म्हातारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. अंगठा परत लावा, जोरात दाबा, पुसून लावा. मीही आईला तेच म्हणत होते, दीड महिना. माझ्या आईचं अडलं ते एका शिकवणीपुरतं आणि तिला पिन सांगणारी मुलगी होती.

आता आम्ही त्या तुकड्याला वेगळं केलंय. एकाच माणसाचा ठसा आधी जुळायचा आणि हळूहळू जुळेनासा झाला, तर ॲप "पुन्हा प्रयत्न करा" एवढंच म्हणत बसत नाही, दुसरा रस्ता आपणहून पुढं करतं. मोठं काही नाही. दोन आठवड्यांचं काम होतं.

आईच्या लॅपटॉपचं काय करायचं, हा प्रश्न होताच. चेहऱ्यानं उघडायला इन्फ्रारेड कॅमेरा लागतो, त्या जुन्या मशीनला तो नाही. उरला पिन. मी म्हटलं, कागदावर लिहून चिकटवते. आईला ते अपमानास्पद वाटलं. थोडा वेळ डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "एकोणतीस चोक सोळोदरसे."

मला कळेना.

"दोन नऊ, चार, एक एक सहा. सहा आकडे झाले का नाही?"

काल सांगितलेला आकडा धुक्यात हरवत होता, पण पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी ओरडून म्हटलेला पाढा जिथल्या तिथं होता. पुढचे अडीच महिने ती एकदाही अडली नाही. (हा पिन आता बदललाय, नाहीतर इथं लिहिला नसता. कुठल्या पाढ्यातला आहे ते मलाही माहीत नाही.)

आठवी सायकल फेब्रुवारीच्या शेवटी झाली. मार्चच्या मध्याला गोळ्या संपल्या. ठशाचा मूळ नकाशा कातडीच्या आतल्या थरात असतो, वरचं सोललं तरी खालून तोच उगवतो. एप्रिलमध्ये गेले तेव्हा मी सहज म्हटलं, बोट ठेवून बघ. नोव्हेंबरातली नोंद मी पुसली नव्हती. आईनं अंगठा ठेवला. मशीन उघडलं.

"ओळखलं बाई," ती म्हणाली आणि स्क्रीन लॉक करून पुन्हा पिनच टाईप केला.

स्कॅन स्वच्छ आलाय. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असतो, आणि त्यात सगळ्यात आधी मी म्हणते, "हात दाखव." शाळेत असताना दर सोमवारी आई वर्गात रांगेनं हेच म्हणत फिरायची, तेव्हा ती आता थोडी हसते. मग कॅमेऱ्यासमोर दोन्ही तळहात धरते. मी नीट बघते. माझं बघून झालं की तिच्या वर्गातल्या पोरांसारखे ती हात उलटे करते आणि न मागता नखंही दाखवते.